नऊ विद्यार्थिनींनी लावलेले रोप

संस्था स्थापन करणे त्यामानाने सोपे असते. ती पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपविणे कठीण. पेढीवर चाळीस वर्षे बसून मी हेच शिकलो. या सत्याचा एक बोधप्रद इतिहास दूरदेशी घडला, तो येथे थोडक्यात मांडतो.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींची 'सोरॉरिटी' नावाची भगिनीमंडळे असतात. सभासद विद्यार्थिनी चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. दरवर्षी नव्या भगिनी आल्या नाहीत, तर मंडळाचा दिवा आपोआप मालवतो.

दि. १५ जानेवारी १९०८ रोजी वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी 'अल्फा काप्पा अल्फा' या मंडळाची स्थापना केली. गुलामगिरी संपून जेमतेम ४३ वर्षे झाली होती. मूळ कल्पना एथेल हेजमन हिची. संस्थापिका वरच्या वर्गांत असल्याने लवकरच विद्यापीठ सोडणार होत्या. ही अडचण ओळखून त्यांनी त्याच वर्षी दुसऱ्या वर्षाच्या सात विद्यार्थिनींना प्रवेशविधीविनाच सामावून घेतले. परंपरा खंडित होऊ नये, हा त्यामागील हेतू.

परंतु खरी कसोटी १९१२ मध्ये लागली. तत्कालीन विद्यार्थिनी सभासदांना मंडळाचे नाव व चिन्हे बदलावयाची होती. पदवीधर झालेल्या नेली क्वांडर यांना हे मान्य झाले नाही. मतभेद मिटला नाही आणि २२ भगिनी बाहेर पडल्या. त्यांनी १३ जानेवारी १९१३ रोजी 'डेल्टा सिग्मा थीटा' हे स्वतंत्र मंडळ स्थापिले व त्याच वर्षी ३ मार्चला स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात भाग घेतला. त्यांचे कार्यही पुढे मोठे झाले, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

इकडे क्वांडर खचल्या नाहीत. २९ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी सहकारी भगिनींसह मूळ मंडळाची कायदेशीर नोंदणी केली. त्यामुळे नाव सुरक्षित झाले व अन्यत्र शाखा काढण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी शिकागो येथे दुसरी शाखा निघाली. पुढे पदवीधर भगिनींच्याही शाखा निघाल्या. शिक्षण संपले तरी नाते संपले नाही.

नव्या सभासदांना केवळ नाव देऊन भागत नाही, काम द्यावे लागते. १९३५ पासून काही वर्षे या भगिनींनी उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातील गरीब शेतमजुरांच्या मुलांना लसी टोचल्या, औषधोपचार केले. डॉ. डोरोथी फेरेबी यांनी त्या वैद्यकीय पथकाचे नेतृत्व केले.

आज या मंडळाच्या सभासदांची संख्या लाखांत मोजली जाते. २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या उपाध्यक्ष असलेल्या, भारतीय मातेच्या कन्या कमला हॅरिस याही १९८६ मध्ये हॉवर्ड येथेच या मंडळात आल्या.

सुज्ञ वाचकहो, लहान मंडळ मोठे झाले ते तीन गोष्टींमुळे: धाकट्यांना वेळीच बोलाविले, ज्येष्ठांनी संबंध तोडला नाही आणि प्रत्येकीच्या हाताला काम मिळाले. आपल्या सभेत मागील रांगेत बसलेल्या तरुणाला आपण शेवटचे काम कधी सोपविले होते, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतो.