एकादशीच्या ताटातले पाहुणे



एकादशीच्या आदल्या रात्री आपण साबुदाणा भिजत घालतो. सकाळी त्यात बटाटा, शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची पडते. ही खिचडी अगदी पूर्वापार चालत आलेली, असं आपण धरून चालतो. पण १२९० साली माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा यातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद आपल्या मुलखात कुणी पाहिलाही नव्हता!

हे चारही पाहुणे अमेरिका खंडातले. मिरची मेक्सिकोकडची, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला, भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून अशी कितीतरी पिकं आपल्याकडे आली. त्याआधी तिखटासाठी मिरे होते, त्यावरूनच आपण 'मिरची' म्हणू लागलो. शेंग जमिनीत लागते म्हणून 'भुईमूग'. 'बटाटा' हा शब्द मात्र पोर्तुगीजांचाच राहिला.

साबुदाण्याची गोष्ट आणखी वेगळी. तो आपल्याकडे बनतो कसावा नावाच्या कंदापासून. या कंदाच्या कडू जातीत विष असतं. ॲमेझॉनच्या जंगलातल्या बाया तो किसून, पिळून, भाजून त्यातलं विष काढतात. ही विद्या हजारो वर्षांची, आणि ती बायकांनी हातोहात पुढे दिलेली. आपल्या दुकानातला साबुदाणा बहुतेक तमिळनाडूच्या सेलम भागातून येतो. तिथला हा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला.

मग ही नवी पिकं उपासाला चालू कशी लागली? उपासाला धान्य वर्ज्य. ही पिकं धान्यात मोडत नव्हती, म्हणून ती हळूहळू फराळात शिरली. आजही एका घरात कोथिंबीर चालते, शेजारच्या घरात नाही. म्हणजे काय चालतं आणि काय नाही, हे माणसांनीच ठरवलं आहे, आणि ते बदलतही आलं आहे.

हे सांगण्याचं कारण आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आठवड्याला दोन-दोन उपास धरतात आणि दिवसभर शेतात राबतात. कोरड्या साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच असतो, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. तेवढ्याच शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, राजगिऱ्यात १४ च्या आसपास, शिवाय लोहही. राजगिराही मूळचा अमेरिकेचाच, आणि तोही उपासाला चालतो.

तेव्हा उपास जरूर करा. पण ताटात राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी असू द्या, जोडीला दूध-ताक घ्या. घरात सून बाळंतीण किंवा अंगावर पाजणारी असेल, तर तिला पोटभर जेवू घाला. ताटातले नियम आपल्या आज्या-पणज्यांनी बदलले. गरज असेल तिथे आपणही बदलू शकतो.