सावली, दोर आणि पृथ्वीचा परीघ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. मात्र तो कसा मोजला, असे विचारले की पदवीच्या वर्गातही शांतता पसरते. वस्तुतः या मोजणीला लागणारे मुख्य साधन म्हणजे एक सरळ काठी. बालाघाट जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेजवळ असलेल्या कटंगीसारख्या गावातील विद्यार्थीही ही मोजणी करू शकतात. कटंगी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, असे वर्षातून दोनदा भर मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लोपते. जुलैत बहुधा ढग आड येतात. मे महिन्यात मात्र आकाश मोकळे असते. प्रस्तुत लेखात या मोजणीच्या इतिहासाचा आढावा घेऊन, तिच्यातील खरी अडचण कोणती, याचा विचार केला आहे.

दोन गावे, एक प्रमाण

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने केलेली मोजणी सुपरिचित आहे. दक्षिण इजिप्तमधील सायीनी, म्हणजे आजचे अस्वान, येथे उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशी मध्यान्ही सावली पडत नसे. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यावरून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असे. दोन्ही शहरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरून त्याने परीघ २,५०,००० स्टेडिया ठरविला.

हेच त्रैराशिक महाराष्ट्राच्या भूमीशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथातही आढळते. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. इ. स. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात ते पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने देतात. त्यांची रीत अशी : एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांच्या अक्षांशांतील फरक काढावा, त्यांमधील अंतर घ्यावे आणि एवढ्या अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती, हे काढावे. अक्षांश काढण्यासाठी बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनाची मध्यान्ह-सावली मोजत. तिलाच पलभा म्हणतात. कटंगीची पलभा गणिताने सुमारे ४.८ अंगुळे येते.

अरबी ज्योतिषातही उभ्या काठीचे बारा बोटे असे भाग पाडण्याची पद्धत होती. असरच्या नमाजाची वेळ सावलीवरूनच ठरत असल्याने सावलीचे शास्त्र मशिदीच्या अंगणापर्यंत पोहोचले होते.

दोर घेऊन चालणारी माणसे

खलीफा अल्-मामून (कारकीर्द ८१३–८३३) याच्या आज्ञेने ज्योतिषी आजच्या इराकमधील सिंजारच्या मैदानात गेले. एका ठिकाणाहून ध्रुवाची उंची घेऊन काही जण उत्तरेकडे, तर काही दक्षिणेकडे निघाले. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलेपर्यंत ते दोराने जमीन मोजत चालत राहिले. या मोहिमेतून एका अंशाला ५६⅔ अरबी मैल हे मान रूढ झाले. इराटोस्थेनिसने दोन शहरांमधील अंतर आयते घेतले होते. येथे अंतर मोजणे हाच मोहिमेचा गाभा होता.

पुढे अल्-बिरूनीने नंदना किल्ल्याजवळ, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या भागात, वेगळी वाट काढली. डोंगराची उंची मोजून आणि माथ्यावरून क्षितिज किती खाली दिसते तो कोन घेऊन त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यात लांब चालण्याचे कष्ट वाचले. तरीही ‘अल्-कानून अल्-मसऊदी’ या ग्रंथात त्याने मामूनच्या ज्योतिषांचे मान स्वीकारले. त्यांची उपकरणे अधिक सूक्ष्म होती आणि त्यांनी अधिक कष्ट घेतले होते, असे कारण त्याने दिले. स्वतःच्या कल्पक रीतीपेक्षा दुसऱ्यांच्या कष्टांना मान देणारी ही वृत्ती विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याजोगी आहे.

हिंगणघाटची कबर

कटंगीच्या नैर्ऋत्येस विदर्भात या इतिहासाची आणखी एक खूण आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला, तिचा मुख्य कणा ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत होता. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटनचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला. जॉर्ज एव्हरेस्टने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. येथे सावलीऐवजी ताऱ्यांचे कोन आणि दोराऐवजी साखळ्या व लोखंडी पट्ट्या होत्या. प्रमाण मात्र जुनेच होते.

या मोहिमेतील उपकरणे सांभाळणाऱ्यांत आर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसैन होते. हेन्री बॅरो या इंग्रज यंत्रकारानंतर त्याच पदावर त्यांची नेमणूक झाली. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. मोहसिन हुसैन यांचे नाव आपल्या वर्गांत क्वचितच उच्चारले जाते.

कटंगीची काठी

विषुवदिनी कटंगीत एक मीटर उंच काठीची मध्यान्ह-सावली सुमारे ४० सेंटिमीटर भरावी. घड्याळातील बारा ही तेथील खरी मध्यान्ह नव्हे. ती मार्चमध्ये सुमारे १२ वाजून १८ मिनिटांनी, तर सप्टेंबरमध्ये सुमारे १२ वाजून ४ मिनिटांनी होते. म्हणून तासभर सावलीच्या खुणा करून सर्वांत आखूड सावली घ्यावी.

जोडीला जबलपूर निवडले, तर दोन सावल्यांत जेमतेम ३ सेंटिमीटरांचा फरक पडतो. सूर्य बिंदू नसून तबकडी असल्याने सावलीचे टोक सुमारे सेंटिमीटरभर पुसट असते. अशा स्थितीत एका मिलिमीटरची चूकही परिघात सुमारे १,४०० किलोमीटरांची तफावत आणते. याउलट पुदुच्चेरी जवळजवळ कटंगीच्याच रेखांशावर आहे. तेथील सावली सुमारे २१ सेंटिमीटर, अक्षांशांतील फरक ९.९ अंश आणि सरळ अंतर सुमारे १,०९० किलोमीटर. यावरून परीघ ३९,६०० किलोमीटरांच्या घरात येतो आणि मिलिमीटरभर चुकीने तो केवळ २०० किलोमीटरांनी हलतो.

समारोप

मोजणी प्रथम कोणी केली, या वादात आपले वर्ग सहज रमतात. ग्रीक, हिंदू की अरब, अशी चढाओढ लागते. परंतु वरील प्रत्येक मोजणी दुसऱ्या टोकावरील माणसावर, दोर ओढणाऱ्यावर आणि उपकरण दुरुस्त करणाऱ्यावर विसंबून होती. एकाच अंगणात उभे राहून केवळ सावलीवरून परीघ निघत नाही. कटंगीच्या विद्यार्थ्यांना पुदुच्चेरीतील अनोळखी विद्यार्थ्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागेल आणि आपला आकडा तितकाच विश्वासार्ह ठेवावा लागेल. अपेक्षित उत्तर जुळावे म्हणून सावली सेंटिमीटरभर वाढविण्याचा मोह होईल. तो टाळून चुकलेला आकडा जसाच्या तसा वहीत लिहिणे, हाच या प्रयोगाचा खरा धडा होय. ४०,००० हा आकडा तर पुस्तकात आहेच.