लेकरू कुणाचं? देवाचं, बापाचं की आईचं?

गटाच्या बैठकीत बचतीचा आणि हप्त्याचा हिशेब संपला की बोलणं हमखास मुलांवर येतं. पोरीला पुढं शिकवायचं की लग्न उरकायचं? पोराला शेतीत ठेवायचं की नगरला कामाला धाडायचं? हे ठरवणार कोण? "घरातले मोठे ठरवतील," असं म्हणून आपण उठतो. हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांपुढं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी फार टोकदार होऊन उभा राहिला होता. आज आपण तोच इतिहास ऐकू या.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. १८३९ मध्ये सिंथिया फरार बाई मुंबईहून नगरला आल्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी उरलेलं आयुष्य इथंच घालवलं. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरातूनच निघालं. हे मिशनरी ज्या मंडळींतून आले, त्यांच्यावर सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्व्हिन या धर्मपंडिताच्या शिकवणीचा ठसा होता. त्या शिकवणीतला एक मोठा विचार म्हणजे देवाची निवड. माणूस तरतो तो मोठ्या कुळामुळं नाही आणि पुण्याची रास लावल्यामुळंही नाही. देव आपल्या कृपेनं त्याला निवडतो म्हणून तो तरतो, असं ही शिकवण सांगते.

याला आधार म्हणून बायबलातली एक गोष्ट सांगतात. इसहाक आणि रिबका यांना जुळी मुलं झाली. एसाव थोरला, याकोब धाकटा. रीतीप्रमाणं वडिलांचा आशीर्वाद थोरल्याला मिळायचा आणि इसहाकाचा जीवही एसावावरच होता. पण मुलं पोटात असतानाच देवानं रिबकेला सांगितलं होतं की थोरला धाकट्याची चाकरी करील. पुढं तसंच झालं. म्हणजे घरातला कर्ता एकीकडं आणि देवाची निवड दुसरीकडं.

पण त्याच धर्मात आईबापाचा मान राखण्याची आज्ञाही आहे. पौलाच्या पत्रात मुलांना आईबापाचं ऐकायला सांगितलंय, आणि बापांनाही बजावलंय की मुलांना चिडीला आणू नका. या मंडळींत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आईबापाच्या विश्वासावर होतो. मोठं झाल्यावर मात्र त्या मुलानं आपल्या विश्वासाची कबुली स्वतः द्यायची असते. आईबाप संस्कार देऊ शकतात, विश्वास वारशात देता येत नाही, असा त्याचा अर्थ.

हे घरात बोलायला सोपं आहे. पण मूल आईबापाचा धर्म सोडून निघालं तर? असे खटले मुंबईच्या कोर्टात उभे राहिले. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणानं ख्रिस्ती धर्म घेतला. घरच्यांनी कोर्टात दाद मागितली. तो आपलं बरंवाईट समजण्याच्या वयाचा आहे, असं धरून कोर्टानं त्याला त्याच्या मर्जीनं जाऊ दिलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडं गेला होता. तो अजाण आहे म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी लोकांचा रोषही ओढवून घेतला. नारायण शेषाद्रींनी पुढं जालन्यात मोठं काम केलं.

या खटल्यांत मुलाचं वय मोजलं गेलं, बापाचा हक्क मोजला गेला. आईचं काय? त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांकडं बघावं लागतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. कवी नारायण वामन टिळकांशी त्यांचं लग्न लहान वयातच झालं. मोठ्यांनी ठरवलं, त्यांना कुणी विचारलं नाही. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोनं व्हावंच असं त्यांनी मानलं नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडं राहिल्या. त्या काळात बापाचा हक्क मोठा होता, तरी मूल आईजवळ राहिलं. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ आल्या त्या आपलं सोवळं सांभाळूनच. नगर-राहुरीच्या वास्तव्यात त्यांनी स्वतः विचार केला आणि जात ही माणसांनी केलेली आहे, या निर्णयाला त्या आल्या. मग कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं हसत-रडत सांगितलेलं आहे. आपण वाचावं असं ते पुस्तक आहे.

लक्ष्मीबाईंनी कोणता धर्म घेतला, यावर आपल्यात वेगवेगळी मतं असतील. पण नवऱ्याचा निर्णय हा आपोआप आपला निर्णय होत नाही, हे त्या पाच वर्षं जगून दाखवत होत्या. त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

आता आजचा कायदा बघू. मुलीचं लग्न १८ वर्षांच्या आत नाही, मुलाचं २१ च्या आत नाही, मग धर्म कोणताही असो. १९५६ च्या हिंदू कायद्यात मुलाचा पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असं लिहिलं होतं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप लक्ष घालत नसेल तर आईही पालक असते. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरलंय.

कागदावर नाव आलं, पण घरातल्या बोलण्यात आलं का? आणि आपण आया झालो, सासवा झालो, तरी पोरीला तोंड उघडू देतो का? निवड देवाची म्हणा, नशिबाची म्हणा. स्थळ आणि शाळा ठरवतो तो आपणच. पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं याच्यावर बोलू. मुलींनाही बोलवा.