मावळातला पावसाळी मुक्काम

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या नद्यांच्या अरुंद खोऱ्यांना मावळ म्हणतात. आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही प्रमुख खोरी येतात, आणि लोणावळा व खंडाळा ही गावे बोरघाटाच्या माथ्यावर, म्हणजे पावसाच्या अगदी तोंडाशी वसलेली आहेत. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या पुणे शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. आषाढ लागला की मुंबई-पुण्याची माणसे तळ्याकाठच्या गावांत दोन दिवस राहायला येतात, आणि ही रीत पूर्वापार चालत आली असावी, असे सहज वाटते. मात्र पावसाळ्यात मावळात मुक्काम करण्याचा इतिहास दोन हजार वर्षांचा असला, तरी मौजेसाठी केलेला मुक्काम हा मुख्यतः विसाव्या शतकातला आहे, आणि ज्या मोठ्या तळ्यांच्या काठी तो होतो, त्यांतले एकही तळे निसर्गनिर्मित नाही.

मावळातले पहिले ज्ञात पावसाळी पाहुणे म्हणजे भाजे, कार्ले आणि बेडसे येथील बौद्ध भिक्षू. एरवी सतत फिरतीवर असलेल्या भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहावे, या नियमाला वर्षावास म्हणतात. पावसात फिरणारे भिक्षू हिरवे अंकुर आणि बारीकसारीक जीवजंतू तुडवतात, अशी लोकांची तक्रार आल्यावर बुद्धाने हा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे पावसाळी मुक्कामाच्या या सर्वांत जुन्या रीतीच्या मुळाशी उगवत्या पिकाची काळजीही होती. भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरली जाऊ लागली. तेथे भिक्षूंच्या लहान खोल्यांत निजण्यासाठी दगडातच कोरलेले ओटे आहेत, आणि बाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ज्यांना त्या काळच्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे.

या मुक्कामाचा खर्च कोणी सोसला, याचे उत्तर कार्ल्याच्या शिलालेखांत मिळते. त्यांत या लेण्यांना ‘वलूरक’ असे नाव आहे, आणि भोवतालच्या प्रदेशाचा उल्लेख ‘मामाल आहार’ असा येतो; आहार म्हणजे सातवाहनकालीन प्रशासकीय विभाग, आणि मामाल म्हणजेच मावळ. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलूरकच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, कोणत्याही दिशेने आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिले, असे त्यांतील एका लेखात नोंदले आहे. पुढे नहपानाचा पाडाव करून सातवाहनांनी हा प्रदेश घेतला, तेव्हा ते गाव पुन्हा संघाला दिल्याची आज्ञा मामालच्या अमात्याकडे गेली. राज्य बदलले, दाता बदलला, पण पाहुण्यांच्या निर्वाहाचा भार त्याच गावावर राहिला, ही गोष्ट या इतिहासात पुढेही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लेणी ओस पडल्यानंतरच्या शतकांत पावसाळी मुक्कामासाठी बाहेरून कोणी मावळात येत असल्याचा पुरावा आढळत नाही. शिवकालात फौजा पावसाळ्यात छावणीला परतत आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघत. हेच महिने भातशेतीच्या मुख्य कामांचे होते.

इंग्रजी अमलात बोरघाटाचे महत्त्व वाढले. गाड्या जाऊ शकतील असा घाटरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला, खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि ४० हजारांपर्यंत मजूर ज्यावर राबत होते, तो घाटातला अवघड टप्पा १८६३ मध्ये पूर्ण झाला. लोणावळा-खंडाळ्याचा शोध १८७१ मध्ये एल्फिन्स्टन यांनी लावला, हे पर्यटनाच्या पुस्तिकांत वारंवार छापले जाणारे विधान मात्र टिकत नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्येच मुंबईच्या गव्हर्नरपदावरून उतरले होते आणि १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि तोवर घाटाच्या माथ्यावर आगगाडी धावू लागली होती. शिवाय दोन हजार वर्षांपासून वहिवाट असलेल्या घाटावरचे गाव कोणी शोधून काढावे लागत नाही.

या काळातला हंगाम पावसाळ्याचा नव्हताच. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवी, कारण पुण्याचा पाऊस बेताचा होता. खंडाळ्याचे बंगले आणि आरोग्यधामे प्रामुख्याने एप्रिल-मे महिन्यांतल्या हवापालटासाठी होती. धुक्यात भिंतींना ओल येई, कपडे दिवसेंदिवस वाळत नसत, आणि पश्चिमेकडची झड ओसरीत येऊ नये म्हणून पेंढ्याचे पडदे बांधावे लागत. ज्याला परवडे, तो पहिला जोरदार पाऊस येण्याआधी माथा सोडी.

मग पाऊस हाच आकर्षणाचा विषय कसा झाला, याचे उत्तर पाणी साठवण्याच्या खटपटीत आहे. चढावर गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी भरपूर लागे. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने लोणावळ्याजवळ इंद्रायणीच्या वरच्या अंगाला भुशीचे धरण बांधले. कल्याण-पुणे मार्गावर १९२९-३० मध्ये विजेची इंजिने आली आणि त्या पाण्याची निकड ओसरत गेली. धरण मात्र राहिले. पाऊस चढला की भरलेल्या तळ्याचे पाणी सांडव्याच्या दगडी पायऱ्यांवरून पसरट, पांढऱ्या थरांत उतरते, आणि त्या पायऱ्यांवर पाण्याकडे पाठ करून बसलेली, हातातली कांदाभजी ओढणीने झाकू पाहणारी माणसे हे लोणावळ्याच्या पावसाळ्याचे सर्वपरिचित चित्र आहे. इंजिनांसाठी अडवलेले पाणी अशा रीतीने सहलीचे ठिकाण बनले.

दुसरी खटपट त्याहून कितीतरी मोठी होती. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात वाहून जातो. तो अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडला, तर सुमारे ५०० मीटरच्या उतारातून वीज निर्माण करता येईल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईच्या अभियंत्याने मांडली, जमशेटजी टाटा यांनी उचलली आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र दोराबजींनी तडीस नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढचे लॉर्ड सिडनहॅम) यांनी लोणावळ्यात पायाभरणी केली, आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी या योजनेची आहेत. पावसाच्या चार महिन्यांत ती भरून घ्यायची आणि ते पाणी वर्षभर पुरवून वापरायचे, अशी तिची रचना आहे. पुढे आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ पासून भिवपुरीची वीज सुरू झाली.

या तळ्यांच्या तळाशी भातखाचरे आणि गावठाणे आहेत. शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या तिसऱ्या योजनेचे धरण होऊ घातले, तेव्हा पन्नासहून अधिक गावांतल्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. जमिनी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याखाली घेतल्या जात होत्या. सत्याग्रह अपयशी ठरला आणि धरण झाले. तरीही धरणग्रस्तांनी दिलेला भारतातला तो आरंभीचा संघटित लढा म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

१९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली, १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि दर टप्प्यागणिक पावसाळी सहल बंगलेवाल्यांच्या हातून नोकरदारांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि पुढे सर्वांच्याच आवाक्यात आली. गर्दीबरोबर अपघातही आले. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसे वाहून गेली, आणि १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून ४ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर बंदीचे आदेश निघतात, पण पाणी कोणत्या वेळी किती वेगाने चढते, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या स्थानिकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचा विचार पुरेसा झालेला नाही.

त्या स्थानिकांचा पाऊस निराळा असतो. उन्हाळ्यात शेण, पाला आणि वाळलेले गवत जमिनीवर पसरून जाळायचे, याला राब भाजणे म्हणतात; त्या भाजलेल्या तुकड्यात भाताची रोपे तयार होतात आणि पावसाने खाचरे भरली की चिखलणी करून आवणी, म्हणजे रोपांची लावण, सुरू होते. पूर्वी डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे, बांबूच्या कामट्यांत पाने बसवून केलेले इरले घेऊन बायका दिवसभर वाकून रोपे लावीत. आज इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, वाकणे तेच आहे. मावळचा आंबेमोहोर सुवासासाठी नावाजलेला होता. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने तयार केलेला इंद्रायणी हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला, आणि आज पाहुण्यांच्या ताटात बहुधा त्याचाच भात असतो.

पवन मावळात हे सारे धागे एकत्र येतात. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या मधले पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले, आणि त्याचे पाणी मुख्यतः पिंपरी-चिंचवडला जाऊ लागले. हेच पाणी बंद जलवाहिनीतून नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला आणि ३ जण ठार झाले. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांतल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन, जिला गाळपेर म्हणतात, काहींच्या पोटाला आधार देते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. काठाकाठाने आज तंबू, शेतघरे आणि घरगुती खोल्या उभ्या आहेत. काही धरणग्रस्तांच्या, पुष्कळशा बाहेरून जमीन घेतलेल्यांच्या. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवण्याचा नोंदणीकृत मार्ग दिला, आणि तेव्हापासून ज्या गावकऱ्याच्या नावावर अजून जमीन शिल्लक आहे, तो पाहुण्यांना आवणीच्या चिखलात उतरवतो, दुपारी चुलीवरच्या भाकरीबरोबर खेकड्याचा रस्सा वाढतो, आणि या मुक्कामाचे पैसे स्वतःच्या हाती घेतो.