सालिएरीनं मोत्झार्टला मारलं नव्हतं!

मत्सरावरचे सिनेमे म्हटलं की आपल्याकडे हमखास आठवतो 'अभिमान' (१९७३). बायको आपल्यापेक्षा चांगली गाते हे गायक नवऱ्याला सोसत नाही आणि संसार विस्कटतो. पण या विषयावरचा माझा सगळ्यात आवडता सिनेमा म्हणजे मिलोश फोरमनचा 'अमॅडियस' (१९८४). तब्बल आठ ऑस्कर मिळालेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी या वीकांताला जरूर पाहावा, आणि पाहून झाल्यावर त्यातला निम्मा इतिहास विसरून जावा. का, ते सांगतो.

गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरच्या व्हिएन्नातली. अंतोनियो सालिएरी हा सम्राट दुसऱ्या जोसेफचा दरबारी संगीतकार. मान, पैसा, पद सगळं आहे. यानं लहानपणी देवाशी करारच केलाय, की मी ब्रह्मचारी राहीन, राबेन, तू मला संगीत दे. आणि मग येतो मोत्झार्ट. फिदीफिदी हसणारा, अचकट विचकट बोलणारा, उधळ्या. देवानं संगीत दिलंय ते या वात्रट कार्ट्याला! एका प्रसंगात मोत्झार्टची बायको नवऱ्याला काम मिळावं म्हणून त्याच्या हस्तलिखितांची चळत घेऊन सालिएरीकडे येते. तो पानं उलटतो. कुठेही खाडाखोड नाही. वाचता वाचता संगीत कानात वाजायला लागतं... आणि पानं हातातून गळून पडतात. एफ. मरे अब्राहमला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते हा एक प्रसंगही त्याला पुरेसा होता.

इथे सिनेमा मत्सराबद्दल फार खरं बोलतो. मोत्झार्टची उंची दरबारात नीट कळलीय ती फक्त त्याच्यावर जळणाऱ्याला. मत्सर लांबच्या माणसाचा होत नाही. आपण सचिनवर कधी जळलो नाही. जळतो ते शेजारच्या क्युबिकलमधल्यावर, कारण त्याचा कोड किती चांगला आहे हे आपल्यालाच सगळ्यात जास्त कळतं :-)

आता खरा इतिहास. ७ फेब्रुवारी १७८६ रोजी शोनब्रून राजवाड्याच्या आवारात सम्राटानं एकाच संध्याकाळी दोघांच्या छोट्या संगीतिका ठेवल्या. सालिएरीला मानधन मिळालं १०० डुकाट, मोत्झार्टला ५०. पुढे १७८७ मध्ये मोत्झार्टला दरबारी नोकरी मिळाली, पगार वर्षाला ८०० गुल्डन. १७८८ मध्ये सालिएरी दरबाराचा मुख्य संगीतकार झाला. तो मोत्झार्टला कधीच मिळाला नाही असा हुद्दा. म्हणजे अप्रेझलच्या भाषेत बोलायचं तर जळायचं कोणी कोणावर? मोत्झार्ट आणि त्याच्या वडिलांच्या पत्रांमध्ये या इटालियन मंडळींच्या कारस्थानांबद्दल तक्रारी आहेतच. जागा मोजक्या, उमेदवार भरपूर. कुरबुरी होणारच.

पण त्याच पत्रांमध्ये दुसरंही सापडतं. ऑक्टोबर १७९१ मध्ये मोत्झार्ट बायकोला कळवतो की आपण सालिएरीला स्वतः गाडीतून 'मॅजिक फ्लूट'च्या प्रयोगाला नेलं, आणि त्यानं अगदी लक्ष देऊन ऐकत प्रत्येक तुकड्याला दाद दिली. वाचताना कळतं की स्वारी भलतीच खूश झालीय. दोघांनी मिळून १७८५ मध्ये एक छोटी रचनाही केली होती, नॅन्सी स्टोरास ही गायिका आजारातून बरी झाली म्हणून. तिची हरवलेली प्रत २०१५ मध्ये प्रागच्या संग्रहालयात सापडली. आणि ब्रह्मचर्याचं म्हणाल तर खऱ्या सालिएरीला बायको होती, आठ मुलं होती!

मग विष आलं कुठून? मोत्झार्ट ५ डिसेंबर १७९१ ला गेला, वय फक्त ३५. मृत्यूच्या नोंदीत कारण आहे अंगावर पुरळ उठणारा ताप. पण आपल्यावर विषप्रयोग झाल्याचं तो आजारपणात म्हणाला होता, असं त्याच्या बायकोनं पुढे सांगितलं. एवढं पुरे होतं. १८२३ मध्ये म्हातारा सालिएरी इस्पितळात खितपत पडला असताना व्हिएन्नात आवई उठली की त्यानं खुनाची कबुली दिली. भेटायला आलेल्या आपल्या जुन्या शिष्याला, मोशेलेसला, त्यानं हे साफ खोटं असल्याचं सांगितलं. त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनीही तो असं काही बोलला नसल्याचं लिहून दिलं. कोण ऐकतंय! १८२५ मध्ये तो वारला. १८३० मध्ये पुश्किननं त्यावर छोटं नाटक लिहिलं (त्याच्या मनातलं आधीचं नाव होतं 'मत्सर'), १८९८ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हनं त्याचा ऑपेरा रंगमंचावर आणला, १९७९ मध्ये पीटर शॅफरचं नाटक आलं, आणि त्याच नाटकावरून हा सिनेमा. कानगोष्टींचा खेळ, दीडशे वर्षं चाललेला.

आपल्यालाही ही गोष्ट आवडतेच की. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं. २०१५ च्या सिनेमात तर पंडितजींचा आवाज जातो तो शेंदूर खायला घातल्यामुळे. मोठा कलावंत साध्या तापानं किंवा नशिबानं संपला हे आपल्या पचनी पडत नाही. कुणीतरी खलनायक लागतो.

फरक इतकाच, की कट्यारीतले खाँसाहेब काल्पनिक आहेत आणि सालिएरी नव्हता. यानं बेथोव्हेन, शूबर्ट, लिस्ट यांना शिकवलं, मोत्झार्टच्या धाकट्या मुलालासुद्धा. त्याच्या मनात कधी मत्सर आलाच नसेल असं मी म्हणत नाही. आला असेल, एखादं काम अडवलंही असेल. पण तो थिएटरात जाऊन बसला आणि त्यानं दाद दिली, हेही तितकंच खरं आहे. मला वाटतं मत्सर असताना माणसं बहुतेक वेळा असंच वागतात. थोडं जळतात, आणि तरी टाळ्या वाजवतात. त्यावर कोणी सिनेमा काढत नाही, एवढंच.

असो. 'अमॅडियस' बघाच. आणि नंतर सालिएरीचंही काहीतरी ऐका. चेचिलिया बार्तोलीनं २००३ मध्ये फक्त त्याच्या रचनांचा अख्खा अल्बम काढलाय. मोत्झार्ट नाही तो, पण ऐकून ठरवा की!