गोखले यांच्या घडणीतील थोरले बंधू : गोविंदराव

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेतले की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे शिष्यत्व आठवते. तथापि रानडे यांची भेट होण्यापूर्वीच गोखले यांच्या आयुष्याला दिशा मिळाली होती, ती थोरले बंधू गोविंदराव यांच्यामुळे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या आजोळच्या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात कारकून होते. पुढे ते फौजदार झाले. मातोश्रींचे नाव सत्यभामाबाई. दोन मुलगे आणि चार मुली असा हा परिवार. उत्पन्न बेताचे असूनही कृष्णरावांनी दोन्ही मुलांना इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला ठेवले.

१८७९ साली कृष्णरावांचे निधन झाले. गोपाळराव तेव्हा तेरा वर्षांचे, तर गोविंदराव जेमतेम अठरा वर्षांचे होते. दोघांपैकी एकाचेच शिक्षण चालू राहणे शक्य होते. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण थांबवून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यातील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत स्वतःचा संसार व कुटुंबाचा भार उचलीत. या पैशाची किंमत गोपाळरावांनीही ओळखली होती. ते हाताने स्वयंपाक करीत आणि दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करीत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

१८८१ साली मॅट्रिक झाल्यावर भावावरील भार हलका करण्यासाठी गोपाळराव नोकरी करण्यास सिद्ध झाले. वडीलबंधूंना ते मान्य नव्हते. गोविंदरावांच्या पत्नीने तर दिराच्या शिक्षणासाठी अंगावरचे दागिने देऊ केले. त्यानंतर कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन आणि अखेरीस मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय येथे शिकून ते १८८४ साली बी.ए. झाले.

खरी कसोटी पुढेच लागली. पदवीधर भाऊ सरकारी नोकरी वा वकिली करून घराला वर काढील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. गोपाळरावांनी मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षकी पत्करली आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे ठरविले. अल्प वेतनावर अनेक वर्षे अध्यापन करण्याचे ते बंधन होते. ज्याने आपले शिक्षण सोडले, त्याच्याच आशांवर पाणी फिरत होते. गोविंदरावांनी प्रथम नाखुशी दर्शविली. पण अखेर संमती दिली. एका परीने हा त्यांचा दुसरा त्याग होय.

पुढे गोखले केंद्रीय कायदेमंडळात गेले. १९०५ साली त्यांनी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले आणि त्याच वर्षी भारत सेवक समाजाची स्थापना केली. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. गरीब घरातील मुलाचे शिक्षण कोणाच्या तरी पोटाला चिमटा घेऊनच होते, हे त्यांनी स्वतःच्या घरातच पाहिले होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे पुण्यात निधन झाले. सार्वजनिक कार्यासाठी त्यांनी द्रव्यार्जनाकडे पाठ फिरविली, याचा गौरव इतिहासाने केला. त्या निःस्पृहतेचा पहिला धडा मात्र महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या ८ रुपयांत होता.