सल्लागाराची जागा



प्रत्येक संस्थेला जाणत्या माणसाचा सल्ला हवा असतो. परंतु त्या माणसाने बसावे कोठे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो खुर्चीवर बसला की सल्ला हुकूम होतो. दाराबाहेर राहिला तर त्याची विद्या वाया जाते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शाळकरी मुलांसाठी अंकगणित लिहिले आणि पुढे १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. पाठ्यपुस्तकाकडून संस्थेकडे येण्याची ही वाट महाराष्ट्राला जुनीच आहे. तिचेच एक टोक आपल्या चांदा भागातील रानात सापडते.

बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या रानांतील बांबू दीर्घकाळ मिळत आला. त्याचा कागद झाला, कागदावर पुस्तके छापली गेली. परंतु ज्यांच्या अंगणाशेजारून तो बांबू गेला, त्या गावकऱ्यांना स्वतःच्या हक्काचा कागद वाचून दाखविणारा कोणी नव्हता. कायदा होता, पण तो कचेरीच्या भाषेत होता.

१९८० नंतर इचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्ध या भागात 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन उभे राहिले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यातूनच निघाली. घोषणा देणे सोपे. ती आचरणात आणणारे गाव मिळणे कठीण. जयप्रकाशजींच्या चळवळीतून आलेले चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल अशा गावाच्या शोधात होते. १९८४ साली स्थापन झालेली 'वृक्षमित्र' ही संस्था त्यांची. धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावी त्यांना देवाजी तोफा भेटले, आणि शोध संपला.

आता पाहा, या विद्वान पाहुण्याने कोणती जागा घेतली. तो पुढारी झाला नाही, सरपंच झाला नाही. स्वतःला त्याने 'सहयोगी मित्र' म्हटले. गावात अभ्यास गट सुरू झाला. त्यात कोणीही यावे, कोणताही विषय मांडावा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे. परंतु तेथे निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी विरोध असला, तरी विषय पुढे ढकलावयाचा. त्यामुळे उशीर होई, हे खरे. पण झालेला निर्णय मोडावयास कोणी उरत नसे.

ज्ञान आणि सत्ता यांची ही फारकत हीच मेंढ्याची खरी कमाई होय. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, तेव्हा अन्य गावे कोणीतरी समजावून सांगेल म्हणून वाट पाहत होती. मेंढ्याला मात्र चर्चेची वीस वर्षांची सवय होती. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मेंढ्यास मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत ते एक होते. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले, आणि परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती पडले. ज्या बांबूचा इतरांनी कागद केला, त्याच्या विक्रीचा कागद आता गाव लिहू लागले! २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या कायद्याचा आधार घेऊन ग्रामदानाचाही संकल्प केला.

जानेवारी २०२५ मध्ये मोहनभाऊ निवर्तले. सल्लागाराची परीक्षा त्याच्या पश्चात होते. मेंढ्याची ग्रामसभा त्यांच्या नावाने कधीच चालली नव्हती, म्हणून ती त्यांच्या जाण्याने बंद पडण्याचे कारण नाही.

आपल्या गावीही वाचनालये आहेत, पतपेढ्या आहेत, शिक्षणसंस्था आहेत. तेथील जाणत्यांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : मी उद्या आलो नाही, तर सभा भरेल काय?